दुर्बिणीतला सहा

माझी सगळी नोकरी जमिनीचा चढउतार मोजण्यात गेली. लोक विचारतात, त्यात मोजायचं काय? चढ असला तर दिसतोच की. दिसतो, पण जे दिसतं तेच असतं असं नाही, म्हणून तर सरकार आम्हाला पगार द्यायचं.

काम सांगायला सोपं आहे. तीन पायांवर एक दुर्बीण उभी करायची. तिला आम्ही लेव्हल म्हणायचो. तिच्यावरच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला की दुर्बिणीची नजर अगदी सरळ, आडवी जाते. समोर दूरवर एक माणूस आकडे रंगवलेली चार मीटरची लाकडी पट्टी उभी धरतो. दुर्बिणीतल्या आडव्या तारेवर पट्टीचा जो आकडा येईल, तो वहीत लिहायचा. जमीन खोल असली तर आकडा मोठा येतो, उंच असली तर लहान. एवढ्यावर धरणं, कालवे, रस्ते उभे राहतात.

एक अडचण मात्र होती. आमच्या वेळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. पट्टी धरणारा माणूस डोक्यावर उभा, आभाळ त्याच्या पायाशी. पट्टीवरचे आकडे इंग्रजी, त्यामुळे सहा दिसायचा नऊसारखा आणि नऊ सहासारखा. पहिले दोन महिने डोकं दुखतं. मग मन आपोआप सगळं सुलटं करून घेतं. मी तर पुढे इतका सरावलो की दुर्बिणीत उलटं दिसतं हेच विसरून गेलो. माझी चूक तिथेच झाली.

बहात्तरच्या दुष्काळात मी नोकरीत नवा होतो. जालना जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. आमचं घर जालन्यात मस्तगडला. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि त्यानंतर वडिलांनी एकच हट्ट धरला, पोरानं शिकायचं. आमच्या गल्लीतला सरकारी दौऱ्यावर जाणारा पहिला माणूस मी. बदली भोकरदन भागात झाली तेव्हा आईनं मला एवढंच बजावलं होतं, "चुकू नको बाबा. दुसरा चुकला तर लोक म्हणतात तो चुकला. तू चुकला तर म्हणतील, हे असंच राहायचं."

माझ्याबरोबर पट्टी धरायला गेनूमामा होते. पन्नाशीचे, धनगर समाजातले. दुष्काळानं त्यांची मेंढरं संपली, तेव्हा ते आमच्या कामावर रोजानं लागले. लिहिता-वाचता यायचं नाही, पण पट्टीवरचे आकडे ते आठवड्यात ओळखायला लागले. ते पट्टी अशी उभी धरायचे की वाऱ्यातही हलायची नाही.

पहिलं मोठं काम मिळालं ते रेणुकाईच्या पिंपळगावाकडं, टेकडीच्या कडेनं एका चारीची आखणी. वरच्या नाल्यातलं पाणी पुढंमागं आलंच तर ते त्या चारीनं एका विहिरीपर्यंत न्यायचं होतं. मी खुंट्या ठोकल्या आणि गावकरी हसायला लागले. कारण चारी चक्क टेकडी चढत चाललेली दिसायची. मलाही तशीच दिसायची! एक म्हातारे शेतकरी पुढं आले.

"सायेब, शिकून आलात ते बराबर हाय. पण पाणी चढ चढतं का?"

"चढत नाही, बाबा. हा उतारच आहे."

"माजे डोळे अजून साबूत हायेत."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आजूबाजूची सगळी जमीन एकीकडं जोरात कलली असेल, तर डोळा त्या कललेल्या जमिनीलाच सपाट समजतो. मग तिच्यामधून कमी उतारानं जाणारी चारी चढल्यासारखी वाटते. त्यांना ते पटेना. शेवटी त्यांनी घरून घागर मागवली. त्या दिवसांत घागरभर पाणी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वता."

खुंट्यांच्या रेषेत थोडी चारी खोदून आम्ही तिची माती चोपून घट्ट केली. पन्नासएक माणसं भोवती. पाणी ओतलं. ते क्षणभर जागीच थांबलं, आणि मग डोळ्यांना चढ दिसणाऱ्या बाजूला हळूहळू निघालं. दहा-बारा पावलं गेलं आणि मातीत जिरलं. म्हातारे खाली बसले, ओल्या मातीवरून त्यांनी हात फिरवला आणि तोच हात कपाळाला लावला. मला म्हणाले, "डोळे गेले म्हणायचे आमचे."

त्या दिवसापासून माझ्यात ताठा शिरला. डोळे फसवतात, लेव्हल फसवत नाही, असं मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला केदारखेड्याच्या पलीकडं एका वस्तीजवळ पाझर तलावाच्या कामावर पाठवलं. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा भराव घालायचा आणि पलीकडच्या काठावर दगडी सांडवा बांधायचा. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाट. त्याच्या भिंतीचा माथा भरावाच्या माथ्यापेक्षा पुरेसा खाली लागतो. तो उंच झाला तर पाणी तिथून न जाता भरावावरून जातं, आणि मातीच्या भरावावरून पाणी गेलं की भराव घटकाभरही टिकत नाही. भरावाच्या खाली, हाकेच्या अंतरावर, तीस-पस्तीस घरांची वस्ती होती. कामावरच्या निम्म्या बाया तिथल्याच.

त्यांची मुकादम शेवंताबाई. चाळिशीची, नवरा वारलेला, दोन मुली आणि म्हातारी सासू घरात. तिचा आवाज भरावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा. दुपारी भाकरी खायला सगळ्या बाभळीखाली बसल्या की समोरच्या कोरड्या खोऱ्यात मृगजळ उभं राहायचं. अगदी भरलेला तलाव! त्यात पलीकडच्या बाभळी उलट्या दिसायच्या, पाण्यावर तरंग उठायचे. कुणी फसत नव्हतं त्याला, आमच्याकडं लहान लेकरूही फसत नाही. पण बघितल्याशिवाय राहवायचं नाही. शेवंताबाई म्हणायची, "एवढंच भरू दे रे बाबा, खरंखुरं."

त्या दिवशी मला अलीकडच्या टेकडीवरच्या, उंची ठाऊक असलेल्या खुणेच्या दगडापासून पलीकडच्या काठापर्यंत पातळी न्यायची होती. सकाळी खोऱ्यात उतरेपर्यंतचं काम नीट झालं. मग निरोप आला की आमचे वरिष्ठ डेप्युटीसाहेब दुसऱ्या दिवशी येणार आहेत, सांडव्याच्या उंचीची खुंटी तयार पाहिजे. नियम असा की भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबची नजर घ्यायची नाही. जमिनीलगतची हवा तापते, नजर वाकते, पट्टी पाण्यातल्या काठीसारखी लवलवते. मला नियम पाठ होता. तरी मी एक वाजता दुर्बीण लावली. पलीकडच्या काठावर गेनूमामा पट्टी घेऊन उभे होते. दुर्बिणीत पट्टीचे तुकडे होत होते, जुळत होते. मी बराच वेळ डोळा लावून बसलो. क्षणभर तारेवर आकडा स्थिर झाला. तो मी मनात सुलटा केला, नऊ वाचला आणि लिहिला.

आणखी एक नियम होता. पोचलात की त्याच वाटेनं मोजत मूळ दगडापर्यंत परत यायचं. परतीचा हिशेब जुळला तरच काम खरं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती, मामांच्या पायात चपला नव्हत्या. मी मामांना सावलीला बोलावलं आणि बाभळीखाली बसून परतीचे आकडे वहीत बसवून टाकले. न मोजता. जुळतील असे. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा हात थांबतो आहे.

दुसऱ्या दिवशी डेप्युटीसाहेबांनी वही पाहिली, सही केली. त्या खुंटीवरून सांडव्याचं बांधकाम सुरू झालं.

मे महिना सरत आला. सांडव्याची भिंत जवळजवळ पुरी झाली. भराव मात्र मागं राहिला होता, माथा गाठायला हातभर माती अजून पडायची होती आणि आभाळ बघून मजूर पेरणीच्या ओढीनं आपापल्या गावी निघून चालले होते. एका सकाळी शेवंताबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्याकडं आली.

"सायेब, एक इचारू का? त्यो सांडवा मला उच्चा वाटून राह्यलाय."

"उंच? नाही, बाई."

"मी रोज हितं उभी ऱ्हाते. भरावाच्या अन् त्याच्या माथ्यात लई अंतर दिसंना. पाणी आलं तर कुनीकडून जाईल?"

मी हसलो. हो, हसलो. तिला पिंपळगावच्या चारीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "डोळ्याला तसं दिसतं. टेकडीचा उतार आहे ना, त्यानं. मोजलंय मी."

ती जरा वेळ सांडव्याकडं बघत राहिली. "तुमी मोजलंय म्हनल्यावर बराबरच असंल," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

तिच्या त्या शब्दांनी मला रुखरुख लागली. मोजलं होतं का मी? त्या दिवशी मी दोनदा सांडव्यावर जाऊन उभा राहिलो. उंच दिसायचा. मग स्वतःलाच सांगायचो की डोळा फसतो. दुसऱ्या क्षणी वाटायचं, डोळा फसतो हे खरं, पण म्हणून तो नेहमीच फसतो का? रविवारी मस्तगडला घरी गेलो तर जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, काय झालं. उन्हाचा त्रास, म्हणालो.

चार दिवसांनी वस्तीच्या रस्त्याची आखणी करत होतो. पुन्हा दुपार होत आली होती, मोकळ्या माळावर मामा पट्टी धरून लांब उभे. मला फक्त दिशा बघायची होती. दुर्बिणीत नेहमीप्रमाणे आकडे उलटे दिसत होते. तेवढ्यात उन्हाची लाट आली आणि पट्टीचा अर्धा भाग गडप झाला. त्याच्या जागी उरलेल्या भागाचं प्रतिबिंब पडलं, पाण्यात झाडाचं पडतं तसं. उलट्याचं उलटं झालं. काही क्षण दुर्बिणीत आकडे चक्क सुलटे उभे राहिले. थोडे विस्कटलेले, पण सुलटे. तारेवर सहासारखा आकडा होता. आणि माझ्या सरावलेल्या मनानं तो उलटा केला आणि वाचला, नऊ.

मी ओरडलो, "मामा, हलू नका!" आणि पळत निघालो. धापा टाकत पोचलो, दुर्बिणीची नजर जिथं लागत होती तिथं अंदाजानं बोट ठेवलं. "मामा, हा आकडा कोणता?"

"सहा हाय की," मामा म्हणाले. "काय झालं, सायेब? घाम किती सुटलाय तुमाला."

मी वही उघडली. पलीकडच्या काठाचं ते एकच वाचन. नऊ. त्या दुपारीही असंच होऊन तो सहा असेल, तर तीस सेंटिमीटरचा फरक, कारण पट्टीवरचा एकेक आकडा दहा सेंटिमीटरचा. जमीन होती त्यापेक्षा मी तिला फूटभर खोल समजलो होतो. म्हणजे तिच्यावर आखलेला सांडवा फूटभर उंच बांधला गेला होता. वर भराव हातभर अपुरा. आणि खाली वस्ती.

मी मामांना सगळं सांगितलं. परतीचे आकडे झाडाखाली बसून लिहिले, हेही. त्यांनी पट्टी जमिनीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "सायेब, मेंढरं चारताना मी कैकदा सांजच्याला जनावरं मोजली न्हाईत. बराबर असतील म्हनून झोपलो. सकाळी एक कमी निघायचं. पन माणसांचं तसं न्हाई चालायचं. उद्या उजेडायला मोजू."

पहाट फुटताना आम्ही खुणेच्या दगडावर होतो. जमीन गार, हवा स्थिर, आकडे दगडात कोरल्यासारखे. लहान लहान टप्पे घेत पलीकडं गेलो आणि त्याच वाटेनं परत आलो. परतीचा हिशेब दोन मिलिमीटरमध्ये जुळला. सांडवा फूटभर उंच होता. शेवंताबाईचे डोळे बरोबर होते.

वही जाळून टाकावी, बदली मागून घ्यावी, दुखण्याची रजा टाकावी, असं सगळं त्या सकाळी माझ्या मनात येऊन गेलं. आईचे शब्द कानात होते. पण पश्चिमेला रोज ढग जमत होते. मी सायकल काढली आणि भोकरदनला डेप्युटीसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. दोन्ही वह्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हिवाळे, आकडा चुकला हे समजू शकतो. माझाही चुकलाय. ही परतीची फेरी तुम्ही खरंच केलीच नव्हती?"

"नाही, साहेब."

"आणि मी सही केली." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "किती दिवस आहेत आपल्याकडं?"

"आठ. फार तर दहा."

"भराव इतक्यात उचलता यायचा नाही. सांडव्याचा माथा फोडा. फूटभर. आज दुपारपासून." मी वळलो तेव्हा म्हणाले, "मजुरांना सांगा, वरून आराखडा बदललाय. बाकी काही बोलायचं नाही. तुमच्या सर्व्हिस बुकात काय लिहायचं ते मी पावसानंतर बघतो."

ते त्यांनी पुढं लिहिलंही. माझी तक्रार नाही. पण "वरून आराखडा बदललाय" हे वाक्य मी शेवंताबाईसमोर उभं राहून जसंच्या तसं म्हटलं, त्याची अजून लाज वाटते. तिनं बायांना हाक मारली. ज्या बायांनी महिनाभर दगड वाहून ती भिंत उभी केली, त्यांच्याच हातानं ती फोडायला लावली. पहारी आणि घण घेऊन गडी वर, बाया खाली दगड उचलायला. चुन्याचा गिलावा घट्ट धरलेला, फुटता फुटत नव्हता. सगळे मला आणि सरकारला शिव्या घालत होते, मला ऐकू येईल अशा बेतानं. मीही पहार घेतली तेव्हा जरा थांबले. रोज दुपारी ढग यायचे, आमचा जीव टांगणीला लावायचे आणि पांगायचे. नवव्या दिवशी शेवटचा दगड निघाला.

त्यानंतर चारच दिवसांनी तो पाऊस झाला. दुष्काळानंतरचा, सगळी थकबाकी एकदम देणारा. रात्रभर कोसळला. उजाडताच मी आणि मामा भरावावर पोचलो. समोर तलाव भरलेला. गढूळ पाणी वर चढत होतं, भरावाच्या अपुऱ्या माथ्याला अजून दोन हात, मग एक हात. सांडव्यावरून लोट निघाले तरी चढत होतं. मी मातीत एक खुंटी रोवली आणि तिच्याकडं बघत बसलो. पाणी माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं. अर्धा तास, तास, तिथंच. मग खुंटीवर ओली रेघ उघडी पडायला लागली, तेव्हा मामा मटकन खाली बसले आणि मला रडू फुटलं.

फक्त वीतभर. सांडवा आधीसारखा फूटभर उंच असता तर काय झालं असतं, ते सांगायला कोणतीही दुर्बीण नको होती.

ऊन पडल्यावर मी वस्तीत गेलो. शेवंताबाईच्या घराला कडी. शेजारणीनं टेकडीकडं बोट दाखवलं. वर, काठावरच्या उघड्या खडकाजवळ, ताडपत्री आणि गोणपाटाचं पाल होतं. त्यात सासू, दोन मुली, दोन गोण्या जोंधळा, भांडी आणि एक पत्र्याची पेटी. सगळे भिजून चिंब. शेवंताबाई पाण्यात भिजलेली गोधडी पिळत होती.

"मावशी," मी म्हणालो, "तुमचं बराबर होतं. सांडवा उंचच होता. मी मोजण्यात चुकलो. वरून काही आलं नव्हतं, चूक माझी होती."

तिनं गोधडी पिळायची थांबवली नाही. "कवा कळलं तुमाला?"

"फोडायला लावलं त्याच्या आदल्या दिवशी."

"मंग तवाच का न्हाई बोलले? नऊ दिस आमी तुमाला शिव्या दिल्या. खरं कारन ठाव असतं तर त्यातल्या जरा नीट तरी दिल्या असत्या." तिच्या मुली हसल्या. ती हसली नाही.

"तुम्ही इथं वर कधीपासून आहात?" मी विचारलं.

"तुमी मला ती चारीची गोष्ट सांगितली, त्याच सांजेला आल्तो." ती माझ्याकडं बघत म्हणाली. "तुमी मोजलंय म्हनले. मी पन हो म्हनले. पन घरात झोप लागंना, सायेब. डोळा मिटला की पाणीच दिसायचं. लेकरं घिऊन कुठवर जागायचं? मंग म्हनलं, लोक हसू द्या."

म्हणजे भिंत फोडायला येणारी ही बाई रोज या टेकडीवरून उतरून येत होती आणि रोज इथंच परत जात होती. मला कधी दिसलं नव्हतं.

तिनं गोधडी खडकावर टाकली, पाण्याकडं एकदा बघून घेतलं. पाणी उतरत होतं.

"आता खाली जायला हरकत न्हाई ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मोजलं का?"

"खुंटी रोवून बघितलंय. दोन तास बसलो होतो. मामाही होते."

"मंग धरा," ती म्हणाली आणि पत्र्याची पेटी तिनं माझ्या डोक्यावर ठेवली. पेटी जड होती. एका गोणीला मामांनी खांदा दिला. चिखलातून पाय जपून टाकत आम्ही टेकडी उतरलो. पुढं ती, सासूचा हात धरून. तिनं कडी काढली, मी वाकून आत गेलो आणि भिंतीजवळ, तिनं दाखवलेल्या जागी, पेटी खाली ठेवली.